वारशाची बाटली आणि वेंगुर्ल्याचा बोंडू

भांडवलशाहीला परंपरेचे प्रेम कधीच नव्हते. जी परंपरा नफ्याच्या आड येते ती मोडून काढायची आणि जी बाजारात विकता येते तिला मखरात बसवायचे, हा तिचा जुनाच रिवाज आहे. जगाच्या मद्यव्यवसायात गेली काही दशके हा रिवाज मोठ्या इमानाने पाळला जात आहे. व्हिस्कीची जी नावे शंभर-दीडशे वर्षांची झाली, बापाच्या पिढीची म्हणून मुलाला नकोशी झाली, त्यांना नवा पोशाख चढवून नव्या गिऱ्हाइकापुढे उभे केले जाते. या पोशाखाला ‘वारसा’ म्हणतात.

हा वारसा आता कोकणच्या उंबरठ्यावर आला आहे. काजूबोंडे आणि मोहाची फुले यांपासून बनणाऱ्या मद्याला देशी दारूच्या वर्गातून काढून विदेशी मद्याचा दर्जा देण्याचा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला. वेंगुर्ल्याच्या मातीत वाढलेल्या झाडाचे फळ, त्याचा रस, तो गाळणारे हात इथलेच. तरीही प्रतिष्ठा मिळण्यासाठी त्याला कागदोपत्री परदेशी व्हावे लागले! स्कॉटलंडच्या धर्तीवर कोकणानेही आपला ‘ब्रँड’ उभारावा, म्हणजे बागायतदाराचे दारिद्र्य फिटेल, हा युक्तिवाद आता ओघानेच येतो. तो भाबडा असेल किंवा धूर्त. त्याची तपासणी मात्र करावीच लागेल. स्कॉटलंडच्या जुन्या व्हिस्कीने नवा अवतार घेतला तेव्हा ती ज्यांनी घडवली त्यांच्या पदरात काय पडले, हाच या तपासणीतला पहिला प्रश्न होय.

चालता माणूस, थांबलेले गाव

जॉनी वॉकर हे नाव ठाऊक नाही असा मद्यविक्रेता वेंगुर्ल्यापासून न्यूयॉर्कपर्यंत सापडणार नाही. जॉन वॉकरने १८२० मध्ये स्कॉटलंडमधील किलमार्नक या गावी किराणा दुकान थाटले, तेथून या नावाचा प्रारंभ झाला. टोप घातलेला, काठी घेऊन ढांगा टाकत चाललेला माणूस या बाटलीवर आला तो १९०८ मध्ये; टॉम ब्राउन नावाच्या चित्रकाराने तो काढला. म्हणजे ज्याला आज प्राचीन वारसा म्हणतात ते चित्रही जाहिरातीसाठीच काढवून घेतलेले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस या नावाचा बाजार मंदावला, तेव्हा डियाजिओ या बहुराष्ट्रीय कंपनीने १९९९ मध्ये ‘चालत राहा’ असा मंत्र देऊन त्याच माणसाला तरुण पिढीच्या महत्त्वाकांक्षेचे प्रतीक बनवले. व्हिस्की तीच. आता तिच्याबरोबर यशाची स्वप्ने विकली जाऊ लागली.

हा माणूस चालत कोठे गेला? २००९ मध्ये कंपनीने किलमार्नकचा बाटल्या भरण्याचा कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. सुमारे सातशे कामगारांच्या पोटावर पाय येणार होता. हजारो नागरिक रस्त्यावर उतरले. स्कॉटलंडच्या सरकारने मध्यस्थी केली. कंपनी तोट्यात होती म्हणून हे घडत नव्हते. नफा आणखी वाढवायचा होता म्हणून घडत होते. २०१२ मध्ये कारखान्याला टाळे लागले आणि जवळजवळ दोन शतकांचे नाते संपले. ज्या गावाच्या नावावर वारसा सांगितला जात होता, त्या गावात वारशाची एक बाटलीही भरली जाईना.

पुढचा अंक अधिक बोधप्रद आहे. २०२१ मध्ये याच कंपनीने एडिंबरा शहराच्या मध्यवर्ती रस्त्यावर या व्हिस्कीचे आठ मजली पर्यटन-मंदिर उघडले. तेथे पैसे मोजून जॉन वॉकरच्या दुकानाची कथा ऐकायला मिळते. गावातील माणसे कामावरून काढायची आणि त्याच गावाची आठवण तिकीट लावून विकायची, असे हे ‘नूतनीकरण’ आहे. मधल्या काळात, २०१८ मध्ये, स्त्रियांना आकर्षित करण्यासाठी चालत्या पुरुषाच्या जागी चालती स्त्री, ‘जेन वॉकर’, बाटलीवर आली. स्त्रीमुक्तीची चळवळसुद्धा लेबलाच्या मापात कापून घेता येते, हे कंपनीने दाखवून दिले.

मेलेल्या भट्ट्यांना सोन्याचा भाव

हे उदाहरण एकटे नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमध्ये व्हिस्कीचा साठा गरजेपेक्षा फार वाढला. भांडवली नियोजनशून्यतेची किंमत नेहमीप्रमाणे कामगारांनी मोजली. १९८३ मध्ये पोर्ट एलन आणि ब्रोरा यांसह अनेक भट्ट्या बंद पडल्या. पिंपांत उरलेले मद्य मात्र मुरत राहिले आणि काही वर्षांनी ‘बंद पडलेल्या भट्टीचे दुर्मीळ मद्य’ म्हणून अव्वाच्या सव्वा किमतीला विकले जाऊ लागले. भट्टी बंद पडणे हीच तिची जाहिरात ठरली. भाव पुरेसा चढल्यावर ब्रोरा २०२१ मध्ये आणि पोर्ट एलन २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या चार दशकांत तेथील कामगारांची एक अख्खी पिढी काय खाऊन जगली, हे कोणत्याही बाटलीवर लिहिलेले नाही.

जे गावाचे झाले तेच काळाचे. स्कॉच म्हणवण्यासाठी मद्य किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात मुरावे लागते, आणि बाटलीवर वय छापायचे झाल्यास तिच्यातील सर्वांत कोवळ्या मद्याचे वय छापावे लागते. बारा वर्षे, अठरा वर्षे या आकड्यांना कंपन्यांनीच अनेक दशके देवत्व दिले. मग मागणी वाढली, जुना साठा अपुरा पडू लागला, आणि वयाचा आकडाच अडचणीचा झाला. तेव्हा मॅकॅलनसारख्या प्रतिष्ठित नावाने २०१२ पासून काही बाटल्यांवरून आकडे उतरवले आणि सोनेरी, माणिक अशी रंगांची नावे चढवली. कालपर्यंत वय म्हणजे सर्वस्व होते, आज रंग म्हणजे सर्वस्व झाले. गिऱ्हाइकाने श्रद्धा तेवढी कायम ठेवायची! मुरताना जे मद्य हवेत उडून जाते त्याला स्कॉटलंडमध्ये ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. देवदूतांचा वाटा हिशेबात काटेकोर धरला जातो. बार्ली पिकवणाऱ्याचा आणि पिंप घडवणाऱ्याचा वाटा विचारला, की मात्र हिशेबाची वही मिटते.

देशी बाटलीची शिडी

भारतात या नाटकाचा प्रयोग अधिक बेरकीपणे चालतो. येथील बहुतेक स्वस्त व्हिस्की म्हणजे उसाच्या मळीपासून किंवा धान्यापासून काढलेला शुद्ध मद्यार्क, त्यात पाणी, रंग, स्वाद आणि फार तर थोडे माल्ट. तिला वंशावळ मिळावी म्हणून नाव साहेबाचे द्यायचे. मॅक्डॉवेल ही १८२६ मध्ये मद्रासेत सुरू झालेली इंग्रजी पेढी. १९५१ मध्ये ती विठ्ठल मल्ल्यांच्या हाती आली आणि १९६८ मध्ये तिच्या नावाची ‘नंबर वन’ व्हिस्की निघाली. स्वातंत्र्यानंतर दोन दशकांनी साहेबाच्या नावाने देशी मद्यार्क विकला जाऊ लागला. दूरचित्रवाणीवर मद्याच्या जाहिरातीला बंदी आली, तेव्हा तीच नावे सोड्याच्या बाटलीवर, संगीताच्या तबकड्यांवर आणि मैत्रीच्या गाण्यांत शिरली. २००८ मध्ये तर क्रिकेटच्या एका संघाचे नावच व्हिस्कीच्या नावावरून ठेवले गेले. शाळकरी पोर संघाचे नाव घेऊन टाळ्या पिटते आणि पुढच्या दहा वर्षांचे गिऱ्हाईक आपोआप तयार होते.

अलीकडे ‘भारतीय सिंगल माल्ट’चा बोलबाला आहे. बंगळुरूच्या ‘अमृत’ने २००४ मध्ये ग्लासगोत आपले सिंगल माल्ट विकायला ठेवले, गोव्यात गाळले जाणारे ‘पॉल जॉन’ २०१२ मध्ये लंडनच्या बाजारात उतरले. त्यामागचे तंत्रज्ञांचे कसब खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु ‘पॉल जॉन’ काढणारी कंपनीच ‘ओरिजिनल चॉइस’ ही स्वस्त व्हिस्की प्रचंड प्रमाणावर विकत आली आहे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. एका बाटलीने मजुराची मजुरी गोळा करायची आणि दुसऱ्या बाटलीने परदेशात पदके मिळवायची. पदकाचा फोटो वर्तमानपत्रात येतो. मजुरीचा हिशेब घरातल्या बाईला लागतो.

महाराष्ट्र शासनाने तर ही वर्गव्यवस्था दरपत्रकातच लिहून ठेवली. जून २०२५ च्या निर्णयानुसार १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किरकोळ किंमत देशी दारूला ८० रुपये, धान्यापासून बनलेल्या नव्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ला १४८ रुपये, भारतात बनलेल्या विदेशी मद्याला २०५ रुपये आणि उंची विदेशी मद्याला ३६० रुपये ठरली. चातुर्वर्ण्याच्या चार पायऱ्या! देशी दारूवरील शुल्कही प्रूफ लिटरमागे १८० वरून २०५ रुपये झाले, आणि या साऱ्या फेरबदलांतून वर्षाला १४ हजार कोटी रुपयांची भर पडण्याची अपेक्षा शासनाने बोलून दाखवली. याच शासनसंस्थेने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरील विशेष शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले होते. केंद्र सरकारने २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी केलेल्या व्यापार करारात व्हिस्कीवरील आयात शुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर उतरवण्याची तरतूद आहे. श्रीमंताच्या पेल्याला सवलत आणि गरिबाच्या पेल्यावर वाढीव कर, असे हे मद्यधोरण आहे. त्यात आरोग्याची चिंता शोधू जाणाऱ्याच्या हाती निराशाच येईल.

तेरेखोलच्या अलीकडे आणि पलीकडे

आता वेंगुर्ल्याकडे वळावे. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेला काजू येथे कधी परका राहिला नाही. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रात निपजलेल्या ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ या जाती कोकणाबाहेरही लावल्या जातात. ‘वेंगुर्ला काजू’ या नावाला भौगोलिक मानांकनही आहे. पण मान बीला मिळाला. बीच्या कितीतरी पट वजनाचा, रसाने गच्च भरलेला बोंडू मात्र फाल्गुन-चैत्रात झाडाखाली पडून कुजतो, गुरे खातात, फार तर सीमेलगतचा काही माल गोव्याच्या भट्ट्यांकडे जातो. बागायतदाराला निम्म्याहून अधिक पीक मातीत घालावे लागते. काजू कारखान्यात बी फोडणाऱ्या बायांची बोटे टरफलातील जळजळीत तेलाने सोलून निघतात, तो भाग निराळाच.

तेरेखोल ओलांडले की याच बोंडवाचे नशीब पालटते. तेथे तो कोळंबीत तुडवला जातो, रस आंबवून भट्टीवर चढतो, पहिल्या धारेचा हुर्राक आणि पुन्हा गाळल्यावर फेणी होते. २००९ मध्ये गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसापेयाचा दर्जा दिला. गोव्याने आपल्या कष्टकऱ्यांच्या पेयाला नाव मिळवून दिले यात गैर काहीच नाही. परंतु अलीकडच्या तीरावर तीच माती, तोच पाऊस, तेच झाड आणि भाषेचे तेच वळण असूनही १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली हा रस घरी गाळणारा गुन्हेगार ठरतो. पलीकडे ‘वारसा’ आणि अलीकडे ‘हातभट्टी’! अलीकडच्या माणसाने उद्या परवाना काढून तेच मद्य गाळले तरी त्याला फेणी म्हणता येणार नाही. आणि ‘गोवा बनावटीची दारू’ पकडल्याच्या बातम्या सिंधुदुर्गात नित्याच्या आहेत; त्यात पकडला जातो तो बहुधा गाडी हाकणारा बेकार तरुण.

यावरून ‘वारसा’ या शब्दाचा खरा अर्थ उघड होतो. परंपरा कोणाची किती जुनी आहे यावर वारसा ठरत नाही. नाव नोंदवण्याची, परवाना मिळवण्याची आणि जाहिरात करण्याची ताकद कोणाकडे आहे यावर ठरतो. जॉन वॉकरच्या दुकानाला दोनशे वर्षांचा इतिहास असतो. बोंडू तुडवणाऱ्या पायांच्या नावावर मात्र पोलीस ठाण्याच्या नोंदीखेरीज काही जमा होत नाही.

मिठागर आणि भट्टी

हे आजचे नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावची लहान गाळणी मोडून मद्य मक्तेदारांच्या आणि सरकारी नियंत्रणाखालील भट्ट्यांच्या हाती दिले. माडावर कर बसला, आणि माडी काढून जगणाऱ्या भंडारी समाजाच्या हातातला धंदा परवान्याच्या फासात अडकला. १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाब्याच्या आदिवासींना मोहाची फुले वेचून साठवणेही मुश्कील केले. निसर्गाने दिलेले फळ आणि माणसाचे कसब या दोहोंवर सरकारने आपला शिक्का मारला.

वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरावर सत्याग्रह झाला. समुद्राचे पाणी आणि सूर्याचे ऊन यांवर सरकारचा मक्ता चालणार नाही, हे लाठ्या खाऊन सांगितले गेले. त्याच चळवळीत देशभर दारूच्या दुकानांवर निरोधनेही झाली. वरवर यात विसंगती दिसेल, प्रत्यक्षात ती नाही. मीठ असो वा मद्य, जनतेच्या गरजेतून किंवा दुबळेपणातून तिजोरी भरणाऱ्या सत्तेवरच दोन्हीकडून घाव घातला जात होता. बॅ. नाथ पै यांच्या जन्मगावी तरी या परंपरेचा विसर पडू नये.

आक्षेपाला उत्तर

येथे एक आक्षेप येईल आणि तो चळवळीच्या आतूनच येईल. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे पाहणाऱ्या, उभ्या-आडव्या बाटलीच्या मतदानासाठी स्त्रियांना संघटित करणाऱ्या कार्यकर्त्यांनी भट्टीची वकिली करावी काय? हा आक्षेप प्रामाणिक आहे. दारूचे गोडवे गाणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे आणि कधी नव्हते. परंतु कायद्याने बोंडवाची भट्टी बंद ठेवली म्हणून सिंधुदुर्गात दारू बंद झाली नाही. चौकातले दुकान चालूच राहिले. फक्त तेथील बाटली दूरच्या कारखान्याची आहे आणि तिचा नफा दूरच्या भागधारकाचा आहे. चोरट्या दारूची किंमत तर याहून भयंकर. २०१५ मध्ये मुंबईच्या मालाडमधील मालवणी वस्तीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. ती सारी गरीब होती. बंदी आणि मक्तेदारी यांच्या जात्यात भरडला जातो तो गरीबच.

दुसरा आक्षेप विरुद्ध टोकाचा. मोठी कंपनी आली तर बोंडवाला भाव येईल, मुलांना नोकऱ्या मिळतील. मग तिला का अडवावे? याला उत्तर किलमार्नकने दिले आहे. दोनशे वर्षांचे नातेही जिला बांधून ठेवू शकले नाही, ती कंपनी वेंगुर्ल्याच्या दोन हंगामांना काय जुमानणार? ती बोंडू कवडीमोलाने उचलेल, बाटलीवर डच वखारीचे, दीपगृहाचे आणि डोईवर टोपली घेतलेल्या बाईचे चित्र छापील, आणि ‘कोकणचा वारसा’ हे शब्द स्वतःच्या मालकीचे म्हणून नोंदवून टाकील. मग त्या चित्रातल्या बाईनेच आपल्या मालावर ते नाव घातले, तर तिच्यावर खटला होईल.

म्हणून सिंधुदुर्गातील पक्ष कार्यकर्त्यांनी या प्रश्नावर स्वच्छ मागण्या घेऊन उभे राहिले पाहिजे. बोंडवाच्या प्रक्रियेचा पहिला हक्क बागायतदार, बागेतील मजूर आणि काजू कारखान्यांतील स्त्रिया यांच्या सहकारी संस्थांना मिळावा आणि त्यात सरबत, रस, सिरप यांच्या उद्योगांना अग्रक्रम असावा. गाळपाचे परवाने दिलेच तर ते अशाच संस्थांना द्यावेत, आणि तपासणीची सक्ती असावी. बोंडवाला वजनावर किमान भाव बांधून द्यावा. या मातीतील पेयाचे जे नाव ठरेल ते सामूहिक मानांकनाखालीच नोंदवावे. कोणत्याही खाजगी कंपनीच्या मालकीचे ते होऊ नये. सोड्याच्या आणि खेळाच्या आडून होणाऱ्या मद्याच्या जाहिराती बंद कराव्यात. दुकान असावे की नसावे यावर गावातील स्त्रियांचा कौल अंतिम मानावा. अबकारी उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा व्यसनमुक्तीसाठी खर्च झालाच पाहिजे.

या मागण्या मोठ्या नाहीत, पण त्या मक्तेदारीच्या वर्मावर बोट ठेवतात. जुनी व्हिस्की नवे लेबल लावून येते तेव्हा ती नव्या गिऱ्हाइकाला जुन्या मालकीची ओळख करून देत असते. वेंगुर्ल्यात अजून बाटली भरली गेलेली नाही, लेबल छापले गेलेले नाही, नाव ठरलेले नाही. ते नाव कोणाचे असावे हे ठरवण्याचा अवकाश आज लोकांच्या हाती आहे. पुढचा हंगाम फाल्गुनात येतोच आहे. त्याआधी गावोगावच्या बागायतदारांच्या आणि काजू कामगारांच्या बैठकांत हा प्रश्न मांडला गेला पाहिजे.